डब्यातून आलेला गोल्फ

गोल्फचं सामान माझ्याइतकं आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नाही. तालुका कशाला, बुलढाणा जिल्हा घाटावर, घाटाखाली, सगळा पालथा घाला आणि सापडलं तर मला येऊन सांगा. गोल्फ मात्र मला येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं फसवलं.

मी एसटीत होतो. ड्रायव्हर नाही आणि कंडक्टरही नाही. बसस्टँडवरच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या सांगणारा. कागदावर त्याला वाहतूक नियंत्रक म्हणतात, पण लोक ‘पुकारणारा’च म्हणायचे. ‘मेहकर गाडी फलाटावर लागून राह्यली होऽऽ’ असं मी म्हटलं की रसवंतीत बसलेला माणूस अर्धा ग्लास टाकून उठायचा. कैक वेळा माइक बंद पडायचा, पण त्यामुळे कुणाची गाडी चुकल्याचं मला आठवत नाही. बायको अजूनही म्हणते, तुम्ही माह्या कानात बोलले तरी गल्लीले ऐकू जाते.

आणि अशा माणसाची बोलती बंद झाली, तीही पुण्यात, स्वतःच्या पोटच्या पोरीच्या घरी!

झालं असं की पोरगी शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथलाच मुलगा तिनं पसंत केला. माणसं चांगली आहेत, उगीच नावं का ठेवू? व्याही मोठ्या कंपनीतून साहेब म्हणून रिटायर झालेले. विहीणबाई बोलायला गोड. लग्नानंतर आम्ही नवराबायको पहिल्यांदाच त्यांच्याकडे राहायला गेलो. जेवायला बसल्यावर मी सहज म्हणालो, ‘‘मले वरण द्या थोडसं, भात कोल्डा लागून राह्यला.’’ समोर व्याह्यांची बहीण बसली होती. ती खुदकन हसली आणि म्हणाली, ‘‘अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही! पुन्हा एकदा म्हणा ना.’’ बाईच्या मनात काही वाईट नसेलही. पण मी काय बहुरूपी आहे, पुन्हा म्हणून दाखवायला? माझा घास तोंडातच राहिला.

त्यानंतर जितके दिवस राहिलो तितके दिवस मी सोफ्याच्या कडेला बसून ‘हो’, ‘नको’ आणि ‘पुरे’ या तीन शब्दांवर काढले. संध्याकाळी व्याही गोल्फच्या गोष्टी सांगायचे. कुणी कसा फटका मारला, कुणाचा चेंडू पाण्यात गेला. सगळं घर ऐकायचं. मी बंद टीव्हीकडे बघत बसायचो.

घरी परतलो आणि पोरीचा फोन आला. ‘‘बाबा, तुम्ही माझ्या घरी आलात आणि बोललातच नाही. गाड्या पुकारणारे माझे बाबा कुठे गेले? तुम्ही असे गप्प बसता ना, तेव्हा मला वाटतं की मीच इथे लग्न करून काहीतरी चुकले.’’ एवढं बोलली आणि रडायला लागली. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि ढोरं बघायला म्हणून बाहेर गेलो. आमच्याकडे ढोरं नाहीत.

तेव्हा माझ्या जिवाला काय लागलं होतं ते सांगतो. व्याह्यांसमोर बसून मोकळेपणानं बोलता आलं पाहिजे, पोरीच्या देखत. बस, बाकी काही नको. पण बोलायचं कशावर? त्यांना एसटीतलं काही कळत नव्हतं आणि मला गोल्फमधलं.

अशात डबा परत आला.

हा डबा म्हणजे मोठा स्टीलचा, कडीचा. दिवाळीला बायकोनं त्यात करंज्या भरून पुण्याला पाठवला होता. आता आमच्याकडे एक रीत आहे. भांडं रिकामं परत जात नाही. शेजारणीची वाटी आली तर चिमूटभर साखर घालून जाते, आणि घरात साखर नसेल तर चार शेंगा. रिकामं भांडं दारात आणणाऱ्या माणसाला आमच्याकडे कुणी बोलत नाही, पण मनात ठेवतात. तर पुण्याच्या गाडीवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं डबा आणून दिला. जड होता. बायकोनं कडी काढली आणि मागे सरकली.

‘‘अंडे पाठोले काय व्हो त्याईनं?’’

आत पांढरेशुभ्र चेंडू होते. खड्ड्याखड्ड्याचे. गोल्फचे. मी एक हातात घेतला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘‘अवो, व्याह्यांनी बलावलं मले! खेळायले बलावलं!’’

‘‘चिठ्ठी आहे काय त्याच्यात?’’

‘‘मोठे लोक चिठ्ठी नाही लिहीत. इशारा करते.’’

बायकोनं तोंड वाकडं केलं, पण डबा घासून त्यात धापोडे भरले. धापोडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. तळले की ताटाबाहेर जातात. डबा गेला आणि थोड्या दिवसांनी परत आला. आत लाकडाच्या बारीक खुंट्या आणि हातमोजा. एकच. डाव्या हाताचा. बायकोनं ड्रायव्हरला फोन लावून असा झापला की विचारू नका. तो बिचारा लेकराबाळांच्या शपथा घेत होता की मी डबा उघडलासुद्धा नाही. गोल्फमध्ये मोजा एकाच हाताला घालतात हे आम्हाला फार नंतर मोबाइलवर कळलं. त्या ड्रायव्हरला आजही आमच्या घरी दुप्पट चहा मिळतो.

मग धंदाच सुरू झाला म्हणा ना. इकडून तुरीची डाळ गेली की तिकडून एक लोखंडी काठी यायची, डब्याला सुतळीनं बांधून. इकडून कुरड्या गेल्या की तिकडून हिरवी चटई. त्या चटईच्या टोकाला एक भोक होतं, चेंडू त्यात गेला की आपोआप परत तुमच्या पायाशी यायचा. मला ते फार आवडलं. नोकरीत सोडलेली कुठलीच गोष्ट अशी शहाण्यासारखी परत आलेली मी पाहिली नव्हती. बायकोनं मात्र पहिल्याच आठवड्यात त्या चटईवर मुगाच्या वड्या घातल्या. म्हणाली, ऊन धरते चांगलं.

कोपराचा पट्टा आला तेव्हा तर मी गहिवरलोच. तो हाताला बांधायचा, आणि फटका मारताना हात वाकला की तो ‘कट्’ असा वाजतो. म्हणजे चूक झाली. मोबाइलवरचा माणूस म्हणाला, सवय होईपर्यंत काढू नका. मी काढला नाही. आमच्या गल्लीत एक म्हातारे वारले, मी गेलो, हात जोडले. कट्. तोंडावर हात फिरवला. कट्. त्यांची सून रडता रडता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग मी हात सरळ खाली सोडून, परेडला उभे राहतात तसा, शेवटपर्यंत उभा राहिलो. लोक म्हणाले, भाऊंनी फार मनाला लावून घेतलं.

टोपीला लावायचं एक यंत्रही होतं. टिक्‌टक्, टिक्‌टक् वाजायचं. त्या तालावर काठी मागे न्यायची आणि पुढे आणायची. मी घरात सराव करायला लागलो की बायकोला वाटायचं पाल चुकचुकली. ती प्रत्येक वेळी ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत जमिनीवर बोटं आपटायची. सांजेपर्यंत तिची बोटं दुखायला लागली. ‘‘आता तुमी वावरात जा बरं,’’ ती म्हणाली, ‘‘नाई तं मी माहेरी जाते.’’

वावर म्हणजे पिंपळगाव राजाच्या शिवारातला आमचा तुकडा. त्यात नाल्याच्या कडेनं एक पट्टी पडीत आहे. तिथे मी उभा राहिलो, हातमोजा घातला, टोपी टिकटिकवली आणि चेंडू हाणला. समोर मारलेला चेंडू उजवीकडे गेला. दुसरा त्याच्याही उजवीकडे. उजवीकडे धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, शेजाऱ्याचा कापूस फुटलेला. आता सांगा, फुटलेल्या कापसात पांढरा चेंडू कोण शोधेल? मी नाही शोधू शकलो. वेचणाऱ्या बायकांनीही शोधला नाही. त्यांनी तो कापूस समजून ओटीत टाकला.

काही दिवसांनी शेजारी माझ्या दारात. दोन्ही हातांत माझे चेंडू, तोंड लालबुंद.

‘‘हे तुमचं काय?’’

‘‘हो, माहंच आहे. गोल्फचं आहे ते.’’

‘‘गोल्फ-फिल्फ मले मालूम नाई. व्यापाऱ्यानं बोंडाबोंडातून गोटे काढले अन् साऱ्या लोकाईसमोर म्हणे, वजन वाढवाले कापसात गोटे घालतं का बे? माही इज्जत गेली ना भाऊ!’’

त्याचं खरं होतं. मी माफी मागितली, बायकोनं चहा दिला, त्यानं घेतला नाही. आमच्याकडे माणूस चहा घेत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

म्हणून मी नेम सरळ करायचं ठरवलं. डब्याबरोबर कधीतरी लांब नारंगी काड्या आल्या होत्या. चेंडू कुठल्या दिशेनं जावा ते कळावं म्हणून जमिनीवर ठेवायच्या असतात. एक छोटी दुर्बीणही होती, डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरची वस्तू किती लांब आहे ते सांगणारी. काड्या जमिनीवर ठेवल्या तर गवतात दिसेनात. मी त्या पट्टीत एका ओळीत रोवल्या, नाल्यापासून थेट गाडरस्त्यापर्यंत. मग टोपी घातली, एक डोळा मिटला आणि दुर्बिणीत दिसेल तो आकडा मोठ्यानं म्हणायला लागलो, म्हणजे लक्षात राहतो. माझं मोठ्यानं म्हणजे तुम्हाला माहीत आहेच. अर्ध्या शिवाराला आकडे ऐकू गेले.

त्याच सांजेला शेजारी परत दारात. या वेळी हातात गंज, म्हणजे पातेलं, दुधानं भरलेलं.

‘‘भाऊजी,’’ तो एकदम हळू बोलला, ‘‘रस्ता कुठून जाऊन राह्यला?’’

‘‘कोणता रस्ता?’’

‘‘आता आमच्यापासून काऊन लपवता? काड्या रोवल्या, दुर्बीण लावली, आकडे घेतले. शिवारातल्या लेकरालेही समजते.’’

तुम्हाला सांगितलं पाहिजे, घाटावरच्या तालुक्यांतून तो मोठा रस्ता गेला तेव्हा ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांची मोबदल्याच्या पैशातून झालेली नवी घरं बघायला आमच्या गावातली माणसं गाड्या करून गेली होती. रस्ता आपल्याकडून गेला नाही याचं दुःख आमच्या गावात अजून ताजं आहे. नारंगी काडी दिसली की लोकांच्या काळजाचा ठोका चुकतो.

मी म्हणालो, ‘‘अरे बाप्पा, रस्ता नाही, खेळ आहे हा.’’

‘‘हाव, हाव. खेळच म्हना,’’ तो म्हणाला, आणि त्यानं एक डोळा मिटला. बायकोनं चहा केला. त्यानं दोन कप घेतले.

पुढच्याच आठवड्यात त्यानं काड्यांच्या ओळीला लागून आंब्याची रोपं लावली, हातभर अंतरावर एक, कारण ज्या जमिनीत झाडं त्या जमिनीला मोबदला जास्त. मग टिनाचं शेड ठोकलं. त्यात ना गुरं, ना कडबा. त्याचं बघून पलीकडच्यानं शेततळं खोदलं. तिसऱ्यानं विहिरीसाठी खड्डा घेतला आणि पाणी लागायच्या आत थांबला, कारण विहीर दिसली म्हणजे झालं. मी प्रत्येकाला जीव तोडून सांगितलं, आणि प्रत्येकानं मला डोळा मारला. एके दिवशी मी दुर्बीण लावून उभा राहिलो तर समोर काय! रांगेनं झाडं, मधे पाणी, इकडे खड्डा, तिकडे रेतीचा ढीग. मोबाइलवर गोल्फचं मैदान दिसतं ना, हुबेहूब तसं. एक पैसा न घालता गावानं मला मैदान बांधून दिलं होतं.

आणि मग व्याह्यांचा फोन आला. शेगावला दर्शनाला येतोय सगळे, तिथून तुमच्याकडे चक्कर टाकू. पाठोपाठ पोरीचा. ‘‘बाबा, या वेळी बोला हं. प्लीज.’’

‘‘बोलतो. असा बोलतो की पाहात राहशीन,’’ मी म्हणालो. फोन ठेवला. इतके दिवस केलं ते सगळं याच दिवसासाठी होतं. मी आरशासमोर उभा राहून वाक्यं पाठ केली, शुद्ध, पुण्याला चालतील अशी. ‘आज वारा अनुकूल आहे.’ ‘आपला मनगटाचा कोन कसा असतो?’ बायको दारातून ऐकत होती. म्हणाली, ‘‘नवरदेवावानी घाबरून राह्यले तुमी.’’

त्या दिवशी सकाळीच पांढरी गाडी गाडरस्त्याला लागली. मी वावरातच थांबलो होतो, सगळं अंगावर चढवून. कोपराला पट्टा, टोपीत टिक्‌टक्, डाव्या हाताला मोजा, गळ्यात दुर्बीण, कमरेला चेंडूंची पिशवी. माझ्या मागे गाव. हो, गाव! इस्त्रीचे शर्ट घालून, खिशात सातबारा घेऊन. पुण्याहून रस्त्याचा मोठा साहेब येऊन राह्यला असं शेजाऱ्यानं घरोघर सांगून टाकलं होतं. तो स्वतः पुढे उभा, हातात नारळ.

व्याही गाडीतून उतरले. माझ्याकडे पाहिलं. टोपीपासून बुटापर्यंत, मग परत टोपीपर्यंत. ‘‘अहो,’’ ते म्हणाले, ‘‘हे तर सगळं माझंच आहे!’’

‘‘आज वारा अनुकूल आहे,’’ मी म्हणालो.

जावई गाडीजवळ उभा, विहीणबाई पदर सावरत माझ्या बायकोशी बोलायला लागल्या, आणि पोरगी दोन्ही हात तोंडाजवळ धरून माझ्याकडे बघत होती. मी खुंटीवर चेंडू ठेवला. टिक्‌टक्. काठी मागे नेली. कट्. काठी पुढे आली आणि चेंडू जागच्या जागी. दुसऱ्यांदा मातीचं मोठं ढेकूळ उडालं आणि एका इस्त्रीच्या शर्टवर बसलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटूनच हाणला. चेंडू उजवीकडे सुटला आणि ठण्णकन शेजाऱ्याच्या टिनावर आदळला.

‘‘लागलं!’’ शेजारी नाचायलाच लागला. ‘‘माह्या शेडाले लागलं! माहं शेड रस्त्यात गेलं हो!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं तिथेच नारळ फोडला आणि पहिला तुकडा व्याह्यांच्या हातात दिला.

व्याह्यांना काही कळेना. तुकडा हातात धरून ते माझ्याजवळ आले. ‘‘एक विचारू का? तुम्ही हे सगळं का शिकताय?’’

‘‘आपण बोलावलं म्हणून,’’ मी पाठ केलेल्या भाषेत म्हणालो.

‘‘मी? कधी?’’

‘‘डब्यातून.’’

ते विहीणबाईंकडे वळले. विहीणबाई लाजल्या. ‘‘अहो, तुमचा डबा रिकामा कसा परत पाठवायचा? एवढं छान छान यायचं तुमच्याकडून. आणि मला ते लाडू-बिडू जमत नाहीत. यांच्या या सामानानं कपाटं भरलीत नुसती. मी म्हटलं, व्याह्यांना होईल उपयोग. तर तुमच्याकडून आणखी डाळ आली. मग मी आणखी पाठवलं.’’

बरं का, मी ते ऐकलं आणि माझे कान तापले. म्हणजे कुणी बोलावलंच नव्हतं. चेंडू म्हणजे वाटीतली साखर होती, काठी म्हणजे चार शेंगा. आणि मी? त्या एवढ्या लोकांसमोर, पोरीसमोर, कोपराला पट्टा बांधून! मला रडू यायला पाहिजे होतं, पण मला रडू येत नाही, माझं डोकं फिरतं. ते फिरलं. पाठ केलेली सगळी भाषा उडून गेली.

‘‘तं मंग दोन वर्सापासून मी कायले मरून राह्यलो हो इथी?’’ माझा आवाज बसस्टँडचा लागला. नाल्यापलीकडची ढोरं मान वर करून बघायला लागली. ‘‘मयतीत माहा हात वाजला! शेजाऱ्याची मंडीत इज्जत गेली! बायकोचे बोटं सुजले! कायच्यासाठी? तं तुमच्या घरी आलो का मले तोंड उघडता आलं पायजे म्हून! तुमी गोल्फवर बोलता अन् सारे आयकते, अन् मी बंद टीव्ही पाहात बसतो! माही पोरगी फोनवर रडते का बाबा तुमी बोलत काऊन नाही! काय बोलू? मले गाड्या पुकारता येते, बाकी काई येत नाही! आता हे बी नाही आलं! तुमी बलावलं बी नव्हतं!’’

टोपी तेवढी वाजत होती, टिक्‌टक्. मला एकदम लक्षात आलं की मी कुठे आणि कुणासमोर ओरडलो. मुलीच्या सासऱ्यासमोर! मला पायाखालची जमीन फाटावी असं वाटलं. बायकोनं डोळे मिटून घेतले होते.

व्याही आपल्या कडक इस्त्रीच्या पँटीनिशी खाली, धुऱ्यावरच्या मातीत बसले. ‘‘बसा,’’ मला म्हणाले. मी बसलो.

‘‘मलाही येत नाही,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘गोल्फ. मला गोल्फ येत नाही. तिथे माझ्याबरोबर कुणी खेळत नाही. मी कडेच्या बाकावर बसतो, त्यांचा खेळ बघतो, आणि घरी येऊन त्यांच्या गोष्टी सांगतो. घरच्यांना वाटतं माझ्याच आहेत. म्हणून तर एवढं सामान घेतलं. प्रत्येक वस्तू घेताना वाटायचं, आता हिनं येईल.’’ त्यांनी विहीणबाईंकडे बघितलं नाही. विहीणबाई मात्र त्यांच्याकडे बघत होत्या.

‘‘थोडंसं बी नाही येत?’’ मी विचारलं.

‘‘अजिबात नाही.’’

‘‘ह्या पट्ट्यानं बी?’’

‘‘तो पट्टा बांधून मी एकदा आमच्या जुन्या साहेबांशी हात मिळवला होता.’’

‘‘वाजला?’’

‘‘दोनदा.’’

मला हसू फुटलं. माझं हसूही माझ्या आवाजाइतकंच आहे. मग ते हसायला लागले. दोघंही मातीत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गावाला काही समजेना. शेजारी पुढे आला आणि वाकून म्हणाला, ‘‘साहेब, मंग रस्त्याचं पक्कं समजू ना?’’

‘‘रस्ता? छे हो, मी रस्त्यातला नाही,’’ व्याही म्हणाले.

‘‘हाव, हाव,’’ शेजारी म्हणाला. ‘‘नाईच म्हना.’’ आणि त्यानं त्यांनाही डोळा मारला.

त्यानंतर आम्ही खेळलो. त्याला खेळ म्हणायचं असेल तर. त्यांचा चेंडू शेततळ्यात गेला, माझा खोट्या विहिरीत. ते मला फटका समजावत होते आणि मी त्यांना, साफ चुकीचं, आणि मी काय बोलत होतो हे आता आठवत नाही. एवढं आठवतं की तोंड मिटलं नाही. बसस्टँडवर एकदा बैल फलाटावर चढला होता ती गोष्ट सांगितली. त्यांनी ती परत सांगायला लावली. आणि मी सांगितली.

दुपारी जेवणं झाली, निघायची वेळ आली. बायकोनं डबा भरून, कडी लावून गाडीत ठेवला. व्याह्यांनी तो मांडीवर घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘पंचाईत आहे. आता आमच्याकडे पाठवायला काहीच उरलं नाही. सगळं तुमच्याकडे आलंय.’’ बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत गाडी सुरू झाली.

पोरीनं काच खाली केली. डोळे ओले होते तिचे. ‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘पुकारा ना.’’

लहानपणी ती शाळा सुटली की बसस्टँडवर यायची, माझ्या खिडकीखाली दप्तर टाकून बसायची आणि हेच म्हणायची. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते डब्यावर दोन्ही हात ठेवून वाट बघत होते.

मी टोपी काढली, माइक धरायचो तसा हात तोंडाशी नेला. कट्.

‘‘पिंपळगाव राजा ते पुणे गाडी सुटून राह्यली होऽऽ! डबा घेतलेल्या प्रवाशानं आयकून घ्यावं होऽऽ! डबा गाडीवर देऊ नये! सोता घेऊन यावं! रिकामा असला तरी चालंल होऽऽ!’’

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी काच खालीच होती.

व्याही दिवाळीत आले, एकटेच, एसटीनं. स्टँडवर मी उतरवून घ्यायला गेलो होतो. डबा त्यांच्या हातात होता. बायकोनं घरी झाकण उघडून पाहिलं आणि डबा घासायला ठेवला. आत काही नव्हतं.